सगळ्यांत लांबचा मुलगा

ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात हात असलेली खुर्ची एकच होती आणि तिच्यावर हेडमास्तर बसत. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण हेडमास्तरांचा मुलगा बारा वर्षं जगाच्या पार दुसऱ्या टोकाला राहत होता, आणि संघात मान ठरायचा तो मुलांच्या अंतरावरून. ज्यांची मुलं समुद्रापलीकडे, ते पहिल्या रांगेत. ज्यांची देशातच पण विमानाने जावं लागेल इतकी दूर, ते मधल्या रांगांत. ज्यांची मुलं बसने येत, ते भिंतीला टेकून. साखळीकाकांची मुलगी त्याच गल्लीच्या टोकाला राहायची आणि दिवसातून दोनदा येऊन वडिलांना रागवून जायची, त्यामुळे साखळीकाका दाराजवळच्या स्टुलावर बसत.

साखळीकाका म्हणजे भूमापन खात्यातले निवृत्त मोजणीदार. चौतीस वर्षं त्यांनी साखळी ओढली, म्हणून हे नाव. दोन सख्खे भाऊ बांधावर एकमेकांच्या अंगावर धावून जात असताना मधे उभं राहून शांतपणे टेप पसरणं हे त्यांचं काम होतं. या काळात त्यांना शिव्या भरपूर मिळाल्या, एकदा ढेकूळही बसलं, पण त्यांचा आकडा कोणी खोटा पाडू शकलं नाही. त्याचा त्यांना मनातून अभिमान होता. संघात मात्र तो सांगायची वेळ कधी आली नव्हती. तिथे लोक एकमेकांना भेटले की मुलं कशी आहेत असं विचारत नसत, किती तास लागतात असं विचारत.

भांडणाला कारण झाला जगाचा नकाशा. कोणाच्या तरी जावयाने संघाला तो भेट दिला होता, सबंध भिंत व्यापेल एवढा. प्रत्येकाच्या मुलाच्या गावी टाचणी टोचायची, आपल्या गावापासून तिथपर्यंत लाल दोरा ताणायचा आणि खाली एका फळ्यावर सगळ्यांची नावं अंतराच्या उतरत्या क्रमाने रंगवून घ्यायची, असा ठराव झाला. पेंटर आला, शिडीवर चढला, ब्रश रंगात बुडवला आणि म्हणाला, "पहिलं नाव सांगा."

हेडमास्तरांनी घसा खाकरला. आपलं नाव दुसऱ्या कोणीतरी घ्यावं म्हणून माणूस खाकरतो तसा. तेवढ्यात केमिस्टवहिनी म्हणाल्या, "माझं लिहा."

केमिस्टवहिनी संघात नव्या होत्या. नवऱ्याच्या औषधाच्या दुकानात त्यांनी तीस वर्षं काउंटर सांभाळला होता. गिऱ्हाइकाने चिठ्ठी पुढे करायच्या आत त्याला काय झालंय ते ओळखायची सवय असल्यामुळे त्या कोणाला दबत नसत. त्यांची मुलगी कुठल्याशा बेटावर समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यास करत होती. तिथे पोचायला तीन विमानं बदलावी लागत आणि एकतीस तास लागत. हेडमास्तरांच्या मुलाकडे इथून थेट विमान जायचं. एकदा बसलं की सोळा तासांनी उतरायचं.

"एकतीस मोठे की सोळा, ते तुम्हीच सांगा. तुम्ही शाळेत शिकवलंय," वहिनी म्हणाल्या.

हेडमास्तर म्हणाले की अंतर किलोमीटरमध्ये मोजतात, तासांत मोजत नाहीत. बैलगाडीने गेलं तर शेजारचं गावही एका दिवसावर जाईल, म्हणून काय ते लांब झालं? त्यांनी उठून स्वतः दोरा ताणून दाखवला. त्यांचा दोरा खरंच हातभर जास्त भरला. वहिनी म्हणाल्या की आपलं बेट नकाशाच्या अगदी कडेला आहे, त्यापुढे कागदच संपतो, त्यात आपल्या मुलीचा काय दोष?

मग पोस्टमास्तर मधे पडले. त्यांनी हेडमास्तरांकडून मुलाच्या तिकिटाची जुनी प्रत मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि जाहीर केलं की विमान सकाळी दहाला सुटतं आणि त्याच दिवशी दुपारी तीनला पोचतं, म्हणजे सगळे मिळून पाच तास. तिथलं घड्याळ वेगळं असतं हे त्यांना तिघांनी समजावलं. पण दहा आणि तीनमध्ये पाचच तास असतात, हे चाळीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसाला कोणी शिकवू नये, यावर ते ठाम राहिले. शिडीवर पेंटरच्या ब्रशवरचा रंग सुकून गेला. तो चहा पिऊन निघून गेला.

पुढच्या बैठकीत दोन तट पडले. किलोमीटरवाले एका बाजूला बसले, तासवाले दुसऱ्या बाजूला, आणि मधली रांग मोकळी राहिली. चहा दोनदा करावा लागला, कारण एका गटाने ओतलेला दुसरा गट पिईना. अखेर कोणीतरी दाराकडे बोट दाखवून म्हणालं की मोजायचा वाद आहे आणि मोजणीदार स्टुलावर बसलाय, त्यालाच विचारा ना. साखळीकाकांची एकसदस्यीय समिती नेमण्यात आली. त्यांना अहवालासाठी तीन आठवडे दिले आणि स्टुलावरून उठवून खुर्ची दिली. हाताशिवायची, पण खुर्ची.

घरी मुलीने ऐकलं तेव्हा ती हसत सुटली. "बाबा, अख्खं आयुष्य लोकांच्या बांधावर गेलं. आता आकाशात बांध घालणार?"

साखळीकाका हसले नाहीत. त्यांनी कपाटातून जुनी कातडी पिशवी काढली, पेन्सिलींना टोकं केली आणि दोन्ही पक्षांना रीतसर नोटीस पाठवली: अमुक तारखेला मोजणी होईल, हजर राहावे, गैरहजर राहिल्यास एकतर्फी मोजणी केली जाईल. मोजणी झाली वाचनालयातल्या पृथ्वीगोलावर. गोल जुना होता आणि एका महासागरात त्याला पोचा पडला होता, तेवढा भाग त्यांनी टीप लिहून वगळला. दोरा ताणून त्यांनी दाखवलं की सपाट नकाशावर जो रस्ता सरळ दिसतो तो खरं तर वळसा असतो, आणि विमान जो वळसा घालतं तोच सरळ रस्ता असतो. हेडमास्तरांनी हे तीनदा समजावून घेतलं आणि मग विचारलं की असं असेल तर आपण मुलांना इतकी वर्षं जे शिकवलं त्याचं काय करायचं? साखळीकाका म्हणाले की तो विषय समितीच्या कक्षेबाहेरचा आहे.

मग मुलीने त्यांना कॉम्प्युटरवर बसवलं. दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या साइट ढिगाने होत्या आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा होता. एकीवर हौसेने त्यांनी दोन्ही रकान्यांत आपलाच विमानतळ भरला. उत्तर आलं: अंतर शून्य किलोमीटर, प्रवासाला वेळ तीस मिनिटं. मुलीने शोधून काढलं की ती साइट किलोमीटरला ठरलेल्या वेगाने भागते आणि उडण्या-उतरण्याचा म्हणून सगळीकडे सरसकट अर्धा तास मिळवते. साखळीकाकांना हे पटलं. कुठेही न जातासुद्धा माणसाचा अर्धा तास जातोच, हा त्यांचा सरकारी नोकरीतला अनुभव होता. पण जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा, हे मात्र त्यांना काही केल्या पचेना. वाऱ्यामुळे तसं होतं म्हणे. इकडून मोजलं तर एक लांबी आणि तिकडून मोजलं तर दुसरी, असं शेत त्यांनी चौतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

साइटवर विश्वास नाही म्हटल्यावर उरला एकच मार्ग, साक्षीपुरावा. त्यांनी दोन्ही मुलांना सात प्रश्न लिहून पाठवले. घरातून केव्हा निघालात, विमानतळावर किती बसलात, हवेत किती, आई-वडिलांच्या दारात पाऊल केव्हा ठेवलंत, वगैरे. ईमेलचे पत्ते मुलीनेच मिळवून दिले.

केमिस्टवहिनींच्या लेकीचं उत्तर चार पानी आलं. तिने मिनिटामिनिटाचा हिशोब दिला होता: एकतीस तास दहा मिनिटं, त्यातले सोळा तास चाळीस मिनिटं हवेत. दुसऱ्या विमानतळावर ती साडेसात तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि त्यातला दीड तास एक अनोळखी गृहस्थ तिच्या खांद्यावर झोपले होते, तो वेळ प्रवासात धरायचा का, असं तिने विचारलं होतं. साखळीकाकांनी धरला.

हेडमास्तरांच्या मुलाचं उत्तर एका ओळीचं होतं. "काका, फोनवर बोललं तर चालेल का?"

फोन दुपारी आला. मुलगा आधी इकडचंतिकडचं बोलला. काकांची तब्येत, गल्लीतला खड्डा, मुलीचं कसं चाललंय. साखळीकाका वही उघडून बसले होते. शेवटी त्यांनीच विचारलं की घरातून किती वाजता निघालास.

"काका, मी तिथे राहत नाही," मुलगा म्हणाला. "पावणेदोन वर्षं झाली. कंपनीने बदली केली. आता तुमच्यापासून तीन तास चाळीस मिनिटांवर आहे."

साखळीकाकांनी सवयीने आकडा लिहून घेतला. मग पेन्सिल खाली ठेवली.

मुलाने सगळं सांगितलं. बदली झाली तेव्हा अचानक दारात जाऊन उभं राहायचं आणि बाबांना चकित करायचं असं त्याच्या मनात होतं, म्हणून कळवलं नाही. पहिल्या महिन्यात घर लावणं झालं. दुसऱ्या महिन्यात कामाचं काहीतरी निघालं. सहावा महिना उजाडला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आता नुसतं जवळ आलोय असं सांगून भागणार नाही, सहा महिने का सांगितलं नाही तेही सांगावं लागेल. मग वर्ष झालं. मग ते आणखी अवघड झालं. दर रविवारी सकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा त्याच्याकडेही सकाळच असायची, म्हणून तो पडदे ओढून, ट्यूब लावून, रात्र असल्यासारखा बसायचा.

"बाबांना सांगू नका. मी सांगणारच आहे," तो म्हणाला.

साखळीकाकांनी बांधावरची पुष्कळ खोटी बोलणी ऐकली होती. रातोरात सरकवलेले दगड ओळखले होते. पण मुलाने बापापासून दहा-अकरा हजार किलोमीटर लपवून ठेवल्याचं प्रकरण त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आलं होतं. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. मुलगी रागावली, पण कारण त्यांनी तिलाही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन ते हेडमास्तरांकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

हेडमास्तर एकटेच राहत. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. घर शाळेच्या वर्गासारखं आवरलेलं होतं. चपला एका रेषेत, वर्तमानपत्रांची चौकोनी चवड, जेवणाच्या टेबलावर एकच खुर्ची आणि बाकीच्या तीन भिंतीला लावलेल्या. भिंतीवर दोन घड्याळं होती, एक इथलं आणि एक मुलाकडचं. साखळीकाका दुसऱ्या घड्याळाकडे जरा जास्त वेळ बघत राहिले असावेत.

"त्याने तुम्हाला सांगितलं वाटतं," हेडमास्तर म्हणाले.

साखळीकाकांनी नजर घड्याळावरून काढली आणि पिशवी टेबलावर ठेवली.

"मला दीड वर्ष माहितीये, मोजणीदार. अहो, मी छत्तीस वर्षं मुलांच्या थापा ऐकल्यात. रात्रीचे दहा वाजलेत म्हणतो, आणि दाढी आत्ता केल्यासारखी. पडद्याच्या फटीतून त्याच्या कानावर ऊन पडलेलं असतं. पोरगा रात्रीच्या उन्हात बसतो. शेवटी कंपनीत फोन करून त्याचा नवा पत्ता आणि बदलीची तारीख काढली, विमानाला किती लागतात तेही बघितलं."

हेडमास्तर हसले, आणि हसता हसता थांबले. साखळीकाकांनी विचारलं की मग तुम्ही बोलला का नाहीत.

टेबलावर नसलेली धूळ हेडमास्तरांनी तळहाताने पुसली. "साडेतेरा हजार किलोमीटर असले की मुलगा का येत नाही, हे कोणी विचारत नाही," ते म्हणाले. "उलट हात असलेली खुर्ची देतात. तीन तास चाळीस मिनिटांवरचा मुलगा पावणेदोन वर्षं आला नाही, हे मी कुठे बसून सांगू?"

चहा झाला. निघताना हेडमास्तरांनी विचारलं की अहवालात काय लिहिणार. साखळीकाका म्हणाले, समितीला दोन विमानतळांमधलं अंतर मोजायला सांगितलंय, कोण कुठे राहतं ते नाही. मी खोटा आकडा लिहिणार नाही आणि न विचारलेला आकडा देणार नाही.

दाराशी हेडमास्तरांनी त्यांना पुन्हा थांबवलं. "ते तीन तास चाळीस मिनिटं हवेतले ना? घरापासून घरापर्यंत किती होतील?"

साखळीकाकांनी तिथेच, चपला घालता घालता हिशोब केला. विमानतळापर्यंत एक तास, तिथे आधी पोचून बसायचे दोन, पलीकडे सामान आणि टॅक्सी मिळून एक. "पावणेआठ धरा," ते म्हणाले. "उशीर झाला तर आठ. सकाळी नाश्ता करून निघालात तर रात्रीचं जेवण तिकडे."

अहवालाचं वाचन भरगच्च सभेत झालं. तो एकोणीस पानी होता आणि पृथ्वीगोलावरचा पोचा दाखवणारी आकृती त्याला जोडलेली होती. निष्कर्ष असा की विमानतळ ते विमानतळ किलोमीटर मोजले तर हेडमास्तरांचा विमानतळ लांब, आणि दार ते दार तास मोजले तर केमिस्टवहिनींची मुलगी लांब. त्यामुळे कोणाचंच समाधान झालं नाही. तासवाल्यांनी दुसऱ्या हात असलेल्या खुर्चीची मागणी केली. पोस्टमास्तरांनी पाच तासांची भिन्नमतपत्रिका जोडली. एका गृहस्थांनी उठून सांगितलं की त्यांचा पुतण्या जहाजावर असतो आणि त्याचं अंतर रोज बदलतं, तेव्हा त्याचं नाव कुठे घालणार? अखेर फळ्यावर दोन रकाने करायचं ठरलं. दोन्ही रकान्यांत आपण शेवटचे आहोत हे साखळीकाकांनी शांतपणे टिपून घेतलं.

महिन्याभराने हेडमास्तरांनी जाहीर केलं की ते मुलाकडे चालले आहेत. संघाने निरोप समारंभ केला. सोळा तास बसायचं म्हणून कोणी मानेची उशी दिली, कोणी पायाला घट्ट मोजे, कोणी दर दोन तासांनी घोटे कसे फिरवायचे ते करून दाखवलं. केमिस्टवहिनींनी कानात घालायचा कापूस आणि उलटीच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, सोळाच तास आहेत, चुटकीसरशी जातील. हेडमास्तरांनी सगळं मुकाट्याने घेतलं. विमानतळावर सोडायला साखळीकाका गेले, कारण खऱ्या विमानासाठी कुठल्या दारापाशी उतरायचं ते फक्त त्यांनाच सांगता येणार होतं.

बारा दिवसांनी हेडमास्तर परतले आणि त्याच संध्याकाळी साखळीकाकांकडे आले. मुलाने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात झाडू होता. बापाला दारात बघून तो पहिलं वाक्य म्हणाला, "विमान वेळेवर होतं का?" हेडमास्तर म्हणाले, "दहा मिनिटं उशिरा." मग त्याने झाडू ठेवून बॅग घेतली. तीन दिवस दोघांपैकी कोणीच तो विषय काढला नाही. चौथ्या दिवशी भांडी घासता घासता मुलगा पाठमोरा म्हणाला, "बाबा, माझं चुकलं." हेडमास्तर म्हणाले, "माझंही. त्या ताटाला साबण राहिलाय." एवढंच झालं. मुलाने ताट पुन्हा धुतलं आणि बराच वेळ धूत राहिला.

पुढच्या बैठकीत हेडमास्तर उभे राहिले आणि फळ्यावरचं आपलं नाव खाली आणायला सांगितलं. पावणेदोन वर्षं, तीन तास चाळीस मिनिटं, सगळं एका दमात सांगून ते मोकळे झाले आणि भिंतीजवळ जाऊन बसले. पहिल्यांदा कोण बोलणार याची सगळे वाट बघत होते. बोलले पोस्टमास्तर. त्यांची मुलगी गेल्या वर्षीच परत आली होती आणि त्यांच्याच घरात माडीवर राहत होती. नोकरी सुटली होती. लोक काय म्हणतील म्हणून ते पत्ता जुनाच सांगत होते. त्यांच्यानंतर दुसऱ्या रांगेतले एकजण उठले, मग त्यांच्या शेजारच्या बाई. जहाजावरचा पुतण्या गोदामात कामाला असल्याचं निघालं. त्या एका संध्याकाळी संघाची मुलं लाखभर किलोमीटर जवळ आली. केमिस्टवहिनी एवढ्याच आपल्या जागी राहिल्या. त्यांची मुलगी खरोखरच एकतीस तासांवर होती. बैठक संपल्यावर त्या साखळीकाकांना हळूच म्हणाल्या की ते चार पानी उत्तर मला वाचायला द्याल का, मला तिने एवढं कधी लिहिलं नाही. साखळीकाकांनी दुसऱ्या दिवशी मूळ प्रतच नेऊन दिली. समितीच्या कागदातला एक कागद त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हाती सोपवला.

हेडमास्तरांचा मुलगा आता दर महिना-दीड महिन्याने येतो. शुक्रवारी दुपारी येतो, सोमवारी सकाळी जातो. संघात त्याच्याबद्दल बरीच चर्चा असते. तो आला की स्वयंपाकघरातले डबे आपल्या पद्धतीने लावतो, मग तीन आठवडे साखर सापडत नाही. टीव्हीचा आवाज कमी करून ठेवतो. बापाला फिरायला नेतो आणि वाटेत पाठ ताठ ठेवा म्हणतो. परवा हेडमास्तर भिंतीजवळच्या खुर्चीवरून अर्धा तास हेच गाऱ्हाणं गात होते. शेजारच्याने सहज विचारलं की पुन्हा केव्हा येतोय.

"येत्या शुक्रवारी," हेडमास्तर म्हणाले. "आत्ताच तर गेला होता."